आधी गजरी

सोळा वर्षांपूर्वीचा कोड समोर उघडा होता आणि तो लिहिणाऱ्याच्या नावानं मी मनातल्या मनात बोटं मोडत होते. एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहिलेली, एका ठिकाणी बदलली तर उरलेल्या चार ठिकाणी हातानं बदला. नावं अशी की वाचून काही बोध होऊ नये. आणि मध्येच एक आकडा, सोळा भागिले चौदा. तो कुठून आला, कशासाठी आला, एका अक्षराचा खुलासा नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर चहाच्या वेळी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं असतं. पण लिहिणारी मीच होते, त्यामुळे गप्प बसले.

प्रोग्राम सुरतेच्या पांडेसरातल्या एका डाईंग मिलचा, म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलचा. शेड म्हणजे रंगछटा निवडायची, कापडाचं वजन टाकायचं, की पिवळा किती ग्रॅम, लाल किती, निळा किती याची स्लिप निघते. ती स्लिप घेऊन कलरकिचनमधला, म्हणजे रंग कालवायच्या खोलीतला, माणूस काट्यावर रंग तोलतो. आता तिथे रंग आपोआप तोलणारं मशीन येणार होतं. मशीन स्लिप वाचत नाही, ते थेट प्रोग्रामच्या आतल्या टेबलातले, म्हणजे कोष्टकातले, आकडे उचलतं. म्हणून आतली मांडणी नीट करायची होती. बाहेरून मात्र काहीच बदलता कामा नये, कालची मोरपिशी उद्याही तीच मोरपिशी निघाली पाहिजे. मिलच्या शेठनी फोन केला तेव्हा हसत म्हणाले, "बेन, तमे ज गूंचव्युं छे, तमे ज उकेलो." गुंता तुम्हीच केलाय, तुम्हीच सोडवा.

सोळा भागिले चौदाच्या बरोबर खाली आणखी एक ओळ होती. गजरी ही शेड असेल तर सोळा भागिले चौदा करायचं नाही. आणि शेजारी मीच इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा मारून ठेवला होता: 'गजरी सोडून. का, ते नानांना विचारायचं.'

नाना म्हणजे माझे वडील. ते त्याच मिलमध्ये कलरमास्टर होते. दोन वर्षांपूर्वी गेले. मी काही विचारलं नाही.

नाना धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेला आले ते बादल्या उचलायला. एका म्हाताऱ्या मास्टरच्या हाताखाली आठ वर्षं रंग कालवले, तेव्हा कुठे त्यांना काट्याला हात लावायला मिळाला. त्या मास्टरकडून ते दोन गोष्टी शिकले. एक, ओलं कापड कधी ट्यूबलाइटखाली बघायचं नाही, दारात नेऊन उन्हाच्या उजेडात बघायचं. दुसरी, वहीत खरा आकडा लिहायचा नाही. सगळेच जुने मास्टर असं करत. वहीतलं प्रमाण मुद्दाम थोडं चुकवायचं, आणि काट्यावर उभं राहिलं की डोक्यातल्या किल्लीनं ते सुधारून घ्यायचं. म्हणजे वही कुणी पळवली तरी शेड काही पळवता येत नाही. किल्ली सख्ख्या भावालासुद्धा सांगत नसत. नानांच्या म्हाताऱ्या मास्टरनं एकदा, आजारी असताना, भरवसा ठेवून खरे आकडे मुनिमाला उतरवून दिले. पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता. ही गोष्ट नानांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की मी ती त्यांच्याच सुरात म्हणून दाखवायचे आणि माय तोंडाला पदर लावून हसायची.

मी कॉम्प्युटर शिकले, आणि शेठनी मला नोकरी दिली. माझी पहिली नोकरी. काम काय, तर मिलच्या सगळ्या शेड कॉम्प्युटरमध्ये घालायच्या. मला वाटलं, माझी हुशारी बघून दिली. आज कळतं की शेठ साधा माणूस नव्हता. नाना बाहेरच्या कुठल्या इंजिनिअरला आकडे देणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोटच्या पोरीला नाही कसं म्हणतील, हा त्याचा हिशेब. नानांनी नाही म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि खरे आकडे दिले तर त्यांचं मास्टरपण गेलं असतं. बावीस वर्षांची होते मी, पण एवढी काही बाळ नव्हते. बघायचं मनात असतं तर मला दिसलं असतं.

दर रविवारी दुपारी जेवणं झाली की नाना पाटावर बसत, मी पलंगावर वही घेऊन. "लिख, बाई," म्हणत आणि डोळे मिटून सांगत. राणी, रामा, पिस्ता, फिरोजी, मेहेंदी, कांदा, वाइन. पिवळा एवढा, लाल एवढा, निळा एवढा. ते अहिराणीत सांगायचे आणि मी शाळेतल्या मराठीत नाहीतर गुजरातीत उत्तर द्यायचे. घरची बोली मला तेव्हा जरा कमीपणाची वाटायची. माय भांडी घासता घासता मध्येच म्हणे, "कितला रंग शेत व माय, संपतसच नही." असे तीन महिने गेले. एकशे चौसष्ट शेड झाल्या.

शेवटची गजरी. गजरी म्हणजे गाजराच्या रंगाची, पण आमच्याकडची गजरी गुलाबीकडे थोडी झुकलेली असते. नाना मास्टर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या डोक्यानं जमवलेली ती पहिली शेड. त्याच वर्षी मी शाळेत जायला लागले होते. सॅम्पलचा तुकडा त्यांनी शेठला मागून घरी आणला आणि मायनं त्याचा फ्रॉक शिवला. वर्गात सगळ्या पोरींचे फ्रॉक फेंटच्या, म्हणजे मिलमधून उरलेल्या, तुकड्यांचेच असायचे, तरी माझ्या रंगासारखा कुणाचाच नव्हता, आणि मी तो उसवेपर्यंत घातला. त्या रविवारी गजरी सांगून झाल्यावर नाना काही तरी बोलले आणि उठून बाहेर गेले. काय बोलले ते मी विसरून गेले होते. विसरायला कारणही होतं, कारण दुसऱ्या दिवशी जे झालं त्यात आदल्या दिवसाचं सगळं वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ट्रायल होती. सकाळी शेठ, मॅनेजर, किचनमधली माणसं, सगळे जमलेले. शेठ म्हणाले, राणीची ऑर्डर लागलीय, राणीच काढा. मी ऐटीत स्लिप काढली. रंग तोलला गेला, सॅम्पलचं कापड मशीनमध्ये गेलं आणि दीड तासानं बाहेर आलं. शेठनी तो तुकडा चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवला. "बेन, आ राणी छे के रिंगण?" वांगं, म्हणाले. सगळे हसले. मग मरून काढला, तो कॉफी आला. वाइन काढली, तिचा तर रंगच ओळखू येईना. शेठचा आवाज चढत गेला. शिकलेली पोर म्हणून ठेवली, हिच्यापेक्षा वही बरी, कापड फुकट, दिवस फुकट. मला रडू आवरेना, आणि नाना किचनच्या दाराशी उभे राहून खाली बघत होते.

मला त्याच क्षणी कळलं. लाल. प्रत्येक शेडमध्ये लाल कमी होता. तीन महिने दर रविवारी, पाटावर बसून, डोळे मिटून, माझ्या बापानं मला खोटे आकडे सांगितले होते. म्हाताऱ्या मास्टरची गोष्ट मी पाठ म्हणून दाखवायचे, पण ती आपल्यालाही लागू असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

नाना पुढे आले. शेठकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "समदा रंगसमा, लालमा चौदाना सोळा कर." त्यांचा सगळा हिशेब आण्यांत असायचा. सोळा आणे म्हणजे पूर्ण. जिथे सोळा आणे लाल हवा तिथे त्यांनी सगळीकडे चौदा आणे लिहायला सांगितला होता. ही त्यांची किल्ली. इतकी वर्षं डोक्यात ठेवलेली किल्ली त्यांनी भर मिलमध्ये, शेठच्या देखत, मोठ्यानं सांगून टाकली.

मी चिडून टाइप केलं. सोळा भागिले चौदा. टेबल सुधारत बसायला वेळ कुठे होता, स्लिप छापायच्या आधी गुणाकार घुसडून दिला, मग जिथे जिथे स्लिप निघते तिथे तिथे तोच घुसडला. पुन्हा राणी काढली, राणी आली. मरून आला. वाइन आली. शेठ खूश. दुपारी गजरी काढली तर ती भडक लाल. मी नानांकडे बघितलं, ते एवढंच म्हणाले, "गजरीले हात नको लावू." मी आकडे ताडून बघितले. गजरीचा आकडा मुळातच पुरा सोळा आण्यांचा होता. मला वाटलं, विसरले. एकशे त्रेसष्ट वेळा खोटं सांगितल्यावर खोटं सांगणारासुद्धा एखाद्या वेळी विसरतोच की. त्या भरात मी ती ओळ लिहिली आणि शेरा मारला. विचारायचं म्हणजे जाब विचारायचा होता.

विचारला नाही. घरी आठवडाभर बोलले नाही, मग कामापुरतं बोलायला लागले, मग लग्न झालं. वर्षभरात मिलमध्ये मास्टरची गरज उरली नाही. स्लिप वाचता येणारा कुणीही काट्यावर उभा राहू शकत होता. नानांना शेठनी काढलं नाही, फोल्डिंग खात्यात बसवलं. ज्या हातानं रंग जमवले त्या हातानं ते निवृत्त होईपर्यंत कापडाच्या घड्या मोजत राहिले. मला त्यांनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. दिवाळीला गेले की विचारायचे, "तुना कॉम्प्युटर काय म्हनस?" मी म्हणायचे, बरा आहे. मी त्यांना फसवणारा बाप म्हणून मनात धरून बसले होते, आणि ते गेल्यावर ती गोष्ट तशीच माझ्याकडे राहून गेली.

आता हे सगळं नीट करायचं काम माझ्याकडे आलं. या कामाची एक रीत आहे आणि ती मी नव्या पोरांना डोकं खाऊन खाऊन शिकवते. आधी काहीही बदलायचं नाही. आधी प्रोग्राम आज काय करतो ते टिपून ठेवायचं. मी एकशे चौसष्ट शेडच्या स्लिपा काढून ठेवल्या. मग एक बारकासा बदल करायचा, पुन्हा सगळ्या स्लिपा काढायच्या आणि जुन्याशी ग्रॅम-ग्रॅम ताडून बघायच्या. जुळल्या तर पुढचा बदल. एक जरी चुकली तर मागे फिरायचं. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. घर आवरताना फडताळातली प्रत्येक वस्तू उचलून पुसून जागच्या जागी ठेवावी, तसं वाटतं.

पाच ठिकाणचा गुणाकार आधी एका ठिकाणी आणला. स्लिपा जुळल्या. मग तो गुणाकारच टेबलात मुरवायचा होता, म्हणजे प्रत्येक शेडचा चौदा आण्यांचा लाल सोळा आण्यांचा करून टेबलात लिहायचा. एकेक शेड घेत गेले. प्रत्येकीचा खोटा आकडा खोडायचा आणि खरा लिहायचा. दोनेक दिवस हेच चाललं होतं. प्रत्येक वेळी पाटावर बसलेले नाना दिसत. हा खोटा आकडा सांगताना त्यांच्या पापण्या हलल्या असतील का, असं काहीबाही मनात येई. आणि एकशे चौसष्टाव्या नंबरवर गजरी आली. तिच्यात काही करायचंच नव्हतं, ती होती तशी बरोबर होती. आता सगळंच टेबल तिच्यासारखं झालं होतं, त्यामुळे 'गजरी सोडून' या ओळीला काही कामच उरलं नव्हतं. आमच्या धंद्यात अशी ओळ ठेवत नाहीत, पुसतात.

माझा हात पुसायला जाईना. शेरा वाचला. का, ते नानांना विचारायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो प्रश्न खरंच पडला.

त्या शनिवारी मी पांडेसराला मायकडे गेले. त्या तीन महिन्यांच्या रविवारांची वही कुठे असेल, विचारलं. माय म्हणाली, तुझ्या बापानं टाकू दिली नाही. पेटीतून काढून दिली. माझं बावीस वर्षांचं अक्षर, टुमदार, नीटनेटकं, स्वतःवर भलतंच खूश. मी शेवटचं पान काढलं. गजरी. पिवळा, लाल, निळा. आणि खाली, समासात, घाईत, माझ्याच अक्षरात: 'उद्या ट्रायल. आधी गजरी – नाना.'

मग ते आठवलं. पाटावरून उठता उठता, पायात चपला सरकवताना, ते म्हणाले होते, "पयले गजरी काढजो, बाई." आणि मी, मान वर न करता, समासात टिपून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी शेठनी राणी म्हटल्याबरोबर राणी काढली होती.

गजरी पहिली काढायला सांगणाऱ्या माणसाला गजरी बरोबर येणार हे माहीत असतं. ते विसरले नव्हते. तीन महिने त्यांनी स्वतःला राखलं, आणि शेवटच्या दिवशी, शेवटच्या रंगाला, मला खरं सांगितलं. ती बरोबर निघाली असती तर पुढे काय करणार होते, मला माहीत नाही. मला वाटतं ते मला बाजूला घेऊन चौदा-सोळाची गोष्ट सांगणार होते, फक्त मला. शेठला नाही, मिलला नाही. मग मी काय करायचं ते मीच ठरवलं असतं. पण हे नुसतं माझं वाटणं आहे. खरं काय ते सांगणारा माणूस नाही.

"माय, नानांनी तुला किल्ली सांगितली होती?" मी विचारलं.

"मालेबी नही," माय म्हणाली. "कोनलेच नही. गजरी मात्र तुना नाना बोलेत, हाई पोरले खरीच देसू. तिना रंग शे."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारं का कधी?"

मी वही छातीशी धरून तिथेच फरशीवर बसले आणि पोटभर रडले. नाना गेले तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते. मला नाना हवे होते. पाच मिनिटांसाठी हवे होते. फोल्डिंगच्या टेबलावरून उठून यावेत, हाताला कापडाचा चिकटा तसाच असावा, आणि मी त्यांना म्हणावं की तुम्ही खरं सांगितलं होतं ते मला उशिरा कळलं. मायनं चहा केला आणि कपाशेजारी पोळी ठेवली.

सोमवारी ऑफिसात येऊन ती ओळ पुसली. शेराही पुसला. सगळ्या स्लिपा पुन्हा काढल्या, एकशे चौसष्टच्या एकशे चौसष्ट जुळल्या. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं.

नवं मशीन बसल्यावर ट्रायलला मला बोलावलं. शेठ आता थकलेत, खुर्चीवर बसून होते. मशीनवर ओडिशाचा एक पन्नाशीचा माणूस होता, मुळात काट्यावरचाच. त्यानं स्क्रीनकडे बोट नेऊन विचारलं, "मॅडम, पहले कौनसा? रानी डाल दूँ?"

शेठ म्हणाले, "हा, राणी ज काढो, ऑर्डर छे."

"नाही," मी म्हणाले. "आधी गजरी."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, शेठनी काढा म्हणून हात हलवला. मशीननं आपलं आपण रंग तोलले. दीड तास मी तिथेच उभी राहिले, बस म्हटलं तरी बसले नाही. कापड बाहेर आलं, गरम, ओलं, वाफाळतं. त्या माणसानं ते ट्यूबलाइटखाली धरलं. मी त्याच्या हातातून घेतलं आणि दारात गेले.

उन्हाचा चांगला उजेड होता. माझा फ्रॉक होता तो, हुबेहूब. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. अंगणाच्या पलीकडे फोल्डिंग खात्यात माणसं घड्या घालत होती, त्यांच्यात मी एक चेहरा शोधला, तो तिथे नाही हे माहीत असून.

"नाना," मी म्हणाले, "गजरी बराबर शे."